बोर्मिओच्या खोऱ्यात ग्रॅव्हल बाईक: तीन दिवसांची आखणी, दिशा, गिअर आणि टायर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात असताना रोड बाईकवर सिंहगड आणि ताम्हिणी नेहमी करत होता, आता नोकरीनिमित्त मिलानला आहात. ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल, नवी घेतली आहे: ४० मिमीचे ट्यूबलेस टायर, पुढे ४० दात्यांची एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे ११ ते ४२ दात्यांची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चक्रांचा संच). ऑगस्टअखेरीस तीन दिवस बोर्मिओ या इटलीच्या आल्प्समधल्या गावी मुक्काम आहे. रोज शंभर किलोमीटर कच्च्या रस्त्याचा मार्ग हवा, त्यात शेजारचं लिविन्यो गाव आणि स्वित्झर्लंडची बाजूही यावी, आणि हे टायर पुरतील का, असं विचारलं आहे.

आधी शंभर किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवू. इथे दिवस अंतराने मोजत नाहीत, चढाईच्या मीटरने आणि डांबरापासून लांब असण्याच्या तासांनी मोजतात. बोर्मिओ १,२२५ मीटरवर आहे आणि भोवतालचे चांगले कच्चे रस्ते १,९०० ते २,३०० मीटरच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे खडीला चाक लागण्याआधीच ७०० मीटरचा डांबरी घाट चढावा लागतो. सामान घेतलेला, तयारीचा सायकलस्वार इथे तासाला ४०० ते ४५० मीटर चढतो. तुमचा खरा प्रश्न त्यामुळे असा होतो: कोणती फेरी कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने, आणि हवा फिरली तर कुठून परत फिरायचं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पाच-सहा तास चढ-उतार सहज होत असतील तर खालची आखणी जशीच्या तशी चालेल. उतारावर खडीत हात आखडत असतील, तर दुसऱ्या दिवसाची फेरी बदला. पर्याय पुढे दिला आहे. हंगाम तुम्ही बरोबर निवडला आहे. जूनमध्ये वरच्या उताराच्या सावलीत बर्फाचे पट्टे राहतात, ऑक्टोबरात दिवस आखूड आणि सकाळी रस्त्यावर गोठलेलं पाणी. फक्त १५ ऑगस्टच्या आसपासचा आठवडा टाळा. अर्धी इटली तेव्हा सुट्टीवर असते.

पहिल्या दिवशी कांकानोचे तलाव आणि देकोव्हीलचा मार्ग करा. बोर्मिओहून प्रेमादिओ, आणि तिथून तोरी दि फ्राएले या दोन जुन्या पहारा-बुरुजांपर्यंतचा घाट. चढ ८.७ किमीचा, सरासरी ६.८ टक्क्यांचा, पूर्ण डांबरी. सिंहगड चढणाऱ्या पायांना तो ओळखीचा वाटेल. फरक हवेचा आहे, कारण माथा १,९४१ मीटरवर आहे. २०२० च्या जिरो द'इतालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीचा अठरावा टप्पा याच घाटाने वर येऊन तलावाशी संपला होता. घाई करू नका, पहिल्या दिवशी दम शिल्लक ठेवून वर पोहोचा.

बुरुजांच्या पुढे डांबर संपतं आणि सपाट, दाबलेल्या खडीचा रुंद रस्ता सुरू होतो. कांकानो आणि सान जाकोमो हे दोन्ही तलाव धरणांचे आहेत, मिलान महापालिकेच्या वीज कंपनीने बांधलेले. तुमच्या शहराच्या विजेचा मोठा इतिहास या पाण्यात आहे. दोन्ही तलावांना वळसा घालून परत बुरुजांपाशी या, सुमारे २० किमी होतात. नवी सायकल ओळखायला याहून चांगली जागा नाही: चढ नाही, वाहनं तुरळक, खडी बारीक. टायरचा दाब इथेच ठरवा, दुसऱ्या दिवशी डोंगरात नाही.

बुरुजांपासून आर्नोगापर्यंत जो रस्ता डोंगराच्या कुशीतून जवळपास एकाच उंचीवर जातो, तो देकोव्हील. धरणाच्या कामासाठी टाकलेल्या अरुंद रुळांची ही वाट. रूळ गेले, सपाटी राहिली. सुमारे १० किमी, लार्चच्या रानातून, खाली व्हालदिदेंत्रोचं खोरं. वेग इथे आपोआप वाढतो आणि तीच खबरदारीची जागा आहे. काही वळणांवर दरीच्या बाजूला कठडा नाही, आणि दुपारी कुटुंबं लहान मुलांना घेऊन चालत असतात. वळणाआधी वेग ताशी १५ च्या खाली आणा आणि घंटी असू द्या. आर्नोगाला मोठा रस्ता लागला की डांबरावरून बोर्मिओपर्यंत उतार. सगळं मिळून ५५ ते ६० किमी, चढाई हजार मीटरच्या आत-बाहेर.

दुसरा दिवस व्हाल मोराचा. हीच या भागातली खरी मोठी फेरी, आणि चुका इथेच होतात. मार्ग असा: बोर्मिओ, तोरी दि फ्राएले, सान जाकोमो तलावाचं वरचं टोक, सीमा ओलांडून व्हाल मोरा, द्यॉस रादोंदची खिंड (२,२३४ मी.), खाली सांता मारिया हे स्विस गाव (१,३७५ मी.), मग उमब्राइलची खिंड (२,५०१ मी.) आणि स्टेल्व्हिओच्या रस्त्याने बोर्मिओ. अंतर जेमतेम ७० किमी. पण चढाई मोजा: बुरुजांपर्यंत ७१६, द्यॉस रादोंदपर्यंत साधारण ३००, उमब्राइलला १,१२६. मधले खालीवर धरले तर २,२०० च्या आसपास जाते.

दिशेवर लोक वाद घालतात. उलट्या दिशेच्या बाजूने मुद्दा असा की द्यॉस रादोंदपासून सांता मारियाचा ८६० मीटरचा तीव्र कच्चा उतार उतरावा लागत नाही. तो चढायचा, आणि व्हाल मोरा हलक्या उताराने करायचं. खडीत चढणं सुरक्षित, उतरणं जोखमीचं, हे खरं आहे. तरीही मी कांकानोकडूनच जायला सांगतो. या फेरीत डांबरापासून सगळ्यात लांबचा तुकडा म्हणजे सान जाकोमो ते द्यॉस रादोंद. त्याच्या बऱ्याच भागात गाडी येऊ शकत नाही आणि फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. ऑगस्टमध्ये विजांचे ढग दुपारी दोननंतर चढतात. उलट्या दिशेने गेलात तर थकलेल्या पायांनी नेमके त्याच वेळी तिथे असाल. कांकानोकडून गेलात तर हा तुकडा सकाळी अकराच्या आत मागे पडतो. राहिलेला अवघड भाग उमब्राइलचा, आणि तो डांबरी आहे.

वेळापत्रक असं धरा. साडेसहाला निघा. बुरुजांपर्यंत १ तास ४० मिनिटं, तलावाच्या वरच्या टोकापर्यंत आणखी ४० मिनिटं, म्हणजे ८:५०. तिथून द्यॉस रादोंद पावणेदोन तास, १०:३५. सांता मारियाला ११:२०, जेवण आणि पाणी धरून १२:०५. उमब्राइलला पावणेतीन तास, १४:५०. बोर्मिओला १५:४०. निर्णयाच्या जागा दोन आहेत. तलावाच्या टोकाला साडेनऊच्या पुढे पोहोचलात, किंवा पश्चिमेला ढग भरायला लागले, तर तिथूनच मागे फिरा. देकोव्हील करून छान दिवस होतो. दुसरी जागा सांता मारिया. तिथून पोस्टबस (सार्वजनिक बस) झेर्नेत्सकडे आणि माल्सकडे जाते, पण दोन्ही गावं बोर्मिओच्या डोंगरापलीकडची आहेत. म्हणून परत फिरण्याची खरी जागा पहिलीच.

सीमेनंतर रस्ता अरुंद होऊन ओढ्याकाठची पायवाट बनते आणि दगडांच्या घसरणी ओलांडत जाते. इथला दगड डोलोमाईटचा आहे: फिकट, ठिसूळ, तुटला की धारदार कडांचा. घसरणीवर वाट हँडलबारपेक्षा थोडीच रुंद. नजर चाकापुढे तीन-चार मीटर ठेवा, दरीकडे नाही, कारण सायकल नजर जाईल तिकडे जाते. सैल दगड आले की उतरून चाला आणि सायकल दरीच्या बाजूला ठेवा, तुम्ही डोंगराच्या बाजूला. या तुकड्याला ताशी ७-८ किमी धरा, चालणं त्यात आलं. आल्प मोराच्या कुरणापासून पुन्हा गाडीवाट मिळते. गुरांसाठी लावलेल्या विजेच्या तारांना मूठ असलेलं फाटक असतं. उघडलं की मागे परत लावायचं, गुरं समोर दिसत नसली तरी.

खाली व्हाल व्हाऊचा उतार गाडीवाटेचा आहे, पण सैल खडीचा. हात ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलबारच्या खाली वळलेल्या भागात ठेवा. हुडवरून (ब्रेकच्या वरच्या मुठींवरून) ब्रेक ओढायला जास्त जोर लागतो आणि बोटं लवकर थकतात. ब्रेक सतत हलका धरून ठेवू नका. त्याने पॅड तापून त्यांच्या पृष्ठावर काचेसारखा थर येतो आणि पकड जाते. वळणाआधी सरळ रेषेत दोन्ही ब्रेक ठाम लावा आणि वळणात सोडा. हातांना मुंग्या आल्या की थांबा, एक-दोन मिनिटांत ब्रेकच्या चकत्या (रोटर) गार होतात. ऑर्गॅनिक (राळेचे, मऊ) पॅड असतील तर निघण्याआधी जाडी पाहा: शिमानोची मर्यादा ०.५ मिमी आहे. १ मिमीच्या खाली असतील तर घरीच बदला. पावसात डोलोमाईटची ओली भुकटी ऑर्गॅनिक पॅड एका दिवसात खाऊ शकते. एक जोडी खिशात ठेवा.

आता गिअर. तुमच्या ४० आणि ४२ च्या जोडीवर मिनिटाला ६० पेडल फिरवले तर वेग ताशी ७.५ किमी येतो. सायकल आणि सामानासकट वजन ८५ किलो धरलं तर १० टक्के चढावर, खडीत, त्यासाठी सुमारे १९५ वॅट लागतात. समुद्रसपाटीला हे तासभर जमेल. २,००० मीटरच्या वर, दिवसाच्या सातव्या तासाला, बहुतेकांना जमत नाही. मग पेडल मिनिटाला ४५ वर येतात, गुडघे दुखतात आणि मागचं चाक खडीत फिरून घसरतं. उपाय स्वस्त आहे. ३६ ची चेनरिंग लावा. त्याच पेडलिंगला वेग ६.८, ताकद १७५ वॅट. वीस वॅटचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, उमब्राइलच्या शेवटच्या तीन किलोमीटरांत तो बसून चढणं आणि उतरून ढकलणं यातला फरक असतो. डांबरी सपाटीवर काही गमवावं लागत नाही: ३६-११ वर ९० पेडलिंगला ताशी जवळपास ३९ किमी मिळतात. चेनरिंग बदलल्यावर साखळीची लांबी तपासा. दोन कड्या कमी कराव्या लागतील कदाचित. हे काम निघायच्या आदल्या रात्री करू नका, नवी जोडणी आधी एका लांब फेरीत चालवून पाहा.

४० मिमीचे टायर पहिल्या दिवसाला अगदी पुरेसे आहेत. व्हाल मोरासाठी ४५ बरे, फ्रेममध्ये जागा असेल तर. दोन्ही बाजूंना किमान ४ मिमी मोकळी राहायला हवी, चिखल आणि खडे अडकतात म्हणून. ४० च ठेवायचे असतील तर साइडवॉलला संरक्षक थर असलेला टायर निवडा, कारण इथे टायर वरून भोसकला जात नाही, बाजूने चिरतो. वर धरलेल्या ८५ किलोंच्या हिशेबाने पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआयने सुरुवात करा. रिम दगडाला लागल्याचा टणक आवाज आला तर २ ने वाढवा. वर चढताना हवा विरळ होते म्हणून गेजवरचा दाब थोडा वाढेल, असं काहीजण सांगतात. वाढतो, पण गारठ्याने त्यातला बराच उतरतो. त्यासाठी हवा सोडत बसू नका.

पिशवीत हे हवंच: ट्यूबलेस प्लग (भोकात भरायची पट्टी) आणि त्याचं हत्यार, ६० मिली सीलंट (आतून भोक बुजवणारा द्रव), एक ट्यूब, टायरची चीर आतून झाकायला बूट, पंप, मल्टीटूल, साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी) आणि तुमच्या फ्रेमचाच डेरेल्यूर हँगर (मागचं गिअर बदलणारं यंत्र फ्रेमला धरणारा तुकडा). हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि वाटेत मिळत नाही, म्हणून त्याचं नाव घेतो आहे. चीर ५ मिमीपेक्षा मोठी असेल तर प्लगवर वेळ घालवू नका. टायर एका बाजूने काढा, सीलंट पुसा, चिरेवर बूट चिकटवा, ट्यूब घाला. ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढताना त्याची नट हाताने सुटत नसेल तर पक्कड लागते. घरीच एकदा सैल करून पुन्हा हाताने घट्ट करून ठेवा.

उमब्राइलवरून बोर्मिओपर्यंतचा उतार डांबरी, १,२७६ मीटरचा. १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गावात २२ अंश असतील तर खिंडीत १४, आणि ताशी ४०-५० च्या वाऱ्यात ते हाताला त्याहून गार लागतात. वारा अडवणारं जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कानपट्टी खिंडीतच चढवा, थंडी वाजू लागल्यावर नाही. या बाजूला बोगदे आहेत: अरुंद, अंधारे, आत कधी ओले. पुढचा-मागचा दिवा आधीच लावा, गडद चष्मा काढा. उन्हातून बोगद्यात शिरताना पहिली दोन सेकंद काही दिसत नाही.

सीमेबद्दल. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण तुमचा इटलीचा पेर्मेसो (राहण्याचा परवाना) आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही मूळ सोबत ठेवा. फोनचं काम महत्त्वाचं: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे इटालियन सिमची संघातली रोमिंग सवलत तिथे गृहीत धरू नका. व्हाल मोराकडे निघताना डेटा बंद करा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. मदतीसाठी ११२ दोन्हीकडे चालतो, स्वित्झर्लंडमधली हवाई बचाव सेवा रेगा १४१४ वर मिळते. डोंगरातल्या सुटकेचा खर्च समाविष्ट असलेला विमा घ्या. मार्ग आखणाऱ्या अॅपवर आंधळा विश्वास ठेवू नका. जवळच स्विस राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या पायवाटांवर सायकलला बंदी आहे. व्हाल मोराची वाट त्याच्या बाहेरून जाते, पण अॅप जवळचा रस्ता म्हणून आत नेऊ शकतं. नकाशात उमब्राइलहून फोर्कोला (२,७६८ मी.) आणि पेदेनोलोमार्गे कांकानोला उतरणारा पहिल्या महायुद्धातला लष्करी रस्ताही दिसेल. वळणं मोहक दिसतात, पण ती माउंटन बाईकची वाट आहे. तुमच्या टायरना नाही.

लिविन्यो या तीन दिवसांत बसत नाही. बसवायचंच असेल तर व्हाल मोराच्या जागी बसवा. आणि तिथे दिशा उलटी: सकाळी गाड्या कमी असताना आर्नोगा, फोस्कान्यो (२,२९१ मी.), एरा (२,२०८ मी.) मार्गे लिविन्यो, जेवण, मग आल्पिझेलाची खिंड (२,२८५ मी.) आणि हलक्या उताराने सान जाकोमो, कांकानो, बोर्मिओ. सुमारे ७५ किमी, १,७०० मीटर. आल्पिझेलाची लिविन्योकडची बाजू तीव्र आणि सैल दगडांची आहे. तिथे वर ढकलत जाणं परवडतं, ४० मिमीवर उतरणं नाही. निर्मनुष्य तुकडा इथे १२ किमीच्या आसपास, म्हणून दुपारचा धोका घेता येतो. तरी हवामान स्वच्छ असेल तरच.

खाणं: तासाला ६० ग्रॅम कर्बोदकांचा हिशेब ठेवा. घरून शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू आणलेत तर उत्तम, उन्हात वितळत नाहीत आणि थंडीत दगड होत नाहीत. पाणी बुरुजांच्या पुढे दोन लिटर हवं. उमब्राइलआधी सांता मारियाला पुन्हा भरून घ्या. कुरणाखालच्या ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका. संध्याकाळी पित्सोकेरी मागा: कुट्टूच्या पिठाचा पास्ता, बटाटा, कोबी, चीज. शाकाहारी आहे. मात्र स्थानिक चीज प्राण्यांच्या रेनेटने बनतं, ते चालत नसेल तर विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी पाय जड असतील. सामान बांधून सेन्तिएरो व्हालतेलिना या सायकलमार्गाने तिरानोला उतरा. साधारण ४० किमी, जवळपास ८०० मीटरचा उतार, निवांत. बोर्मिओच्या खाली हा मार्ग व्हाल पोलाच्या दरडीच्या खोऱ्यातून जातो. २८ जुलै १९८७ ला इथे डोंगराची अख्खी बाजू कोसळली, त्याआधी कित्येक दिवस मुसळधार पाऊस होता. तुटलेला कडा आजही ओळखू येतो. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर मार्ग उघडा आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा. तिरानोहून मिलानला थेट गाडी अडीच तासांत पोहोचते. सायकलचं चिन्ह असलेलीच गाडी निवडा, सायकलचं वेगळं तिकीट काढा, आणि रविवारी दुपारच्या गाड्यांऐवजी सकाळची पकडा. संध्याकाळी सायकलच्या जागा भरलेल्या असतात.